डावा कौल

अनंता गुरवाच्या हातात दोन कला होत्या. एक देवीचा कौल लावण्याची, ती घराण्यातून आलेली. दुसरी चित्र काढण्याची, ती कुठून आली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दसरा जवळ आला की तो देवळाच्या भिंती सारवायचा आणि गेरू-चुन्याने त्यांच्यावर मोर, हत्ती, वेली काढायचा. अंजूरच्या अलीकडच्या त्या गावात, खाडीचा बांध ओलांडून आत आलं की पहिलं देऊळ लागे ते गावदेवीचं, आणि नवखा माणूस आधी भिंतीपाशी थबकायचा, मग देवीपुढे हात जोडायचा.

कौलाची रीत साधी होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेली तगरीची एकेक कळी चिकटवायची, मागणं बोलून दाखवायचं आणि गप्प उभं राहायचं. उजवी कळी आधी पडली तर देवी राजी, डावी पडली तर नाराज. सोयरीक, विहीर, नवी होडी, बरं न होणारं दुखणं, कशाचंही पान कौलाशिवाय हलत नसे. अनंताचा हात खरा आहे असं लोक म्हणत. त्यालाही तसंच वाटे. कळी चिकटवताना आपला हात आपला नसतो, असं तो मनापासून मानत होता.

त्याचा एकुलता एक मुलगा यादव भिवंडीत एका संस्थेच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. पंच्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. बोर्डाचा नवा अभ्यासक्रम आला होता आणि दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा होता. शाळेकडे त्याचा तक्ता नव्हता, आणि यादवला तर सरळ रेघही ओढता येत नसे. म्हणून एका रविवारी तो पुठ्ठा, रंग आणि पुस्तक घेऊन पडवीत आला, एका चित्रावर बोट ठेवलं आणि हे एवढं मोठं करून द्या, असं बापाला सांगून आत जेवायला गेला.

चित्रात पाच जीव होते. मासा, कासव, कोंबडी, डुक्कर आणि माणूस. खालच्या ओळीत ते जन्माच्या तोंडाशी आलेले, ज्याचा तो ओळखू येणारा. वरच्या ओळीत तेच पाच, नुकते रुजलेले. अनंताने आधी खालची ओळ काढली, कारण ती सोपी होती. मग वरची घेतली. पाचही सारखेच दिसत होते. डोकं मोठं, पाठ वाकलेली, गळ्यापाशी चिरा पडल्यासारखं काहीतरी आणि मागे आत वळलेली शेपटी. चार काढून झाले. पाचव्याच्या शेपटीशी आला आणि त्याचा कुंचला थांबला.

हे त्याने पाहिलं होतं. चित्रात नव्हे, प्रत्यक्षात.

यादवच्या जन्माच्या किती तरी वर्षं आधी गुणाबाईला पहिल्यांदा दिवस गेले होते, आणि दुसरा महिना संपता संपता सगळं वाहून गेलं. आक्का सुईणीने केळीच्या पानावर काढून आणलं तेव्हा ते अंगठ्याच्या पेराएवढं होतं. वाकलेलं, डोकं मोठं, मागे शेपटी. आक्काने जन्मभर बाळंतपणंच केली होती, पण इतकं कोवळं काही हातात घेऊन निरखायची वेळ तिच्यावर आली नव्हती. ती घाबरली. अनंताच्या बापाला, राघो गुरवाला, ती म्हणाली, हे माणसाचं नाही, मासा आहे. राघोने दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर कौल लावला. सून निर्दोष असेल तर उजवी, नसेल तर डावी. डावी पडली.

दोष आहे म्हटल्यावर तो शोधणं आलं. शोधता शोधता गुणाबाईनेच रडत कबूल केलं, की खाडीची बोय मासळी घरात आली होती, देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी तिने चुलीपाशीच एक तुकडा तोंडात टाकला होता. डोहाळे होते तिला. सोळा-सतरा वर्षांची पोर ती. त्या दिवसापासून तिने मासा सोडला. जिथे भाकरीबरोबर सुकट नसली तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही, त्या गावात तिने मिठाशी आणि भाजीशी भात खाल्ला. पायात कधी चप्पल घातली नाही. गुरवाची सून असून, पुढे गुरवाची बायको होऊनही, देवळाची शेवटची पायरी ती चढली नाही. यादव झाला, शिकला, त्याचं बकुळेशी लग्न झालं, तरी तिचं तेच चालू होतं. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

यादव जेवून बाहेर आला तेव्हा अनंताने त्याला विचारलं, हे पुस्तकातलं खरं हाय का. यादवने हात पुसत सांगितलं की खरंच आहे, परीक्षेला हमखास येतं. सगळे जीव एकाच मुळापासून फुटत गेले, लाखो वर्षं लागली, जो टिकला तो टिकला, बाकीचे गेले. पोटातलं मूल काही आठवडे असंच दिसतं, सगळ्यांचंच.

"सगल्यांचं? तुझं पण?"

"माझं, तुमचं, आपल्या गावच्या पंच चांगदेव पाटलांचं. कुणाची सुटका नाही," यादव हसून म्हणाला.

"आनि कोन टिकनार, कोन जानार, ते कोन ठरवतो?"

"कुणीच नाही, बाबा. तेच तर त्या धड्यात आहे."

यादवच्या दृष्टीने बोलणं तिथेच संपलं. तक्ता सुरेख झाला होता. तो गुंडाळून घेऊन यादव सोमवारी शाळेत गेला.

अनंताने चार दिवस कुणालाच काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी गुणाबाई पडवीत पत्रावळी लावत बसली होती, तो तिच्या शेजारी जाऊन बसला आणि सांगितलं. त्याला वाटलं होतं, आपण तिच्या डोक्यावरची मोळी उतरवतोय. आक्का चुकली होती, तो मासा नव्हता, ते आपलंच मूल होतं, जसं असायचं तसंच होतं. बाप चुकला होता. कळी चुकली होती. तिचा काही दोष नव्हता.

गुणाबाईने पानात काडी खोचली. बराच वेळ ती पुढचं पान उचलेना.

"सगल्यांना तशी शेपूट असती?"

"सगल्यांना."

"मंग माजंच का गेलं?"

"तसंच. काय जातात. कोनाची चूक नसती त्याच्यात."

यावर ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. तिने पत्रावळीचा गठ्ठा बाजूला सारला आणि जमिनीकडे बघत, कुणा तिसऱ्याला सांगावं तसं म्हणाली, "त्या पोराला नाव न्हाय. त्याचं तोंड मी पाह्यलं न्हाय. त्याचं माज्याकडं एकच होतं, माजी चूक. ती करायची, ती फेडायची, तेवढ्यापुरतं ते माजं होतं. आता तुमी सांगता, तेवढं पन न्हाय."

त्या संध्याकाळी अनंताने बकुळेला मासे रांधायला सांगितले आणि गुणाबाईच्या ताटात स्वतः वाढले. ती ताटावरून उठली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची ते कामापुरतं. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जायची ते मात्र तिने आणखी वाढवलं. पूर्वी मंगळवारी जायची, आता रोज जाऊ लागली.

अनंताची पूजा चालू होती. पहाटे उठून देवीला पाणी घालायचं, शेंदूर लावायचा, लुगडं नेसवायचं, धूप फिरवायचा. हाताला सगळं पाठ होतं. पण पूर्वी पाणी घालताना देवीला गार लागत असेल असं त्याला वाटायचं आणि थंडीच्या दिवसांत तो ते कोमट करून न्यायचा. आता एका सकाळी त्याच्या लक्षात आलं की आपण कितीतरी दिवस गारच पाणी घालतोय. तो तांब्या हातात धरून तिथेच उभा राहिला. समोर दगड होता. डोळे चांदीचे, तेही गावाने बसवलेले.

एकदा त्याने शाळेपाशी जाऊन यादवला पुन्हा गाठलं. या सगळ्यात देव कुठे बसतो, हे त्याला विचारायचं होतं. यादवकडे उत्तर तयार होतं. संस्थेचे अध्यक्ष चांगदेव पाटील हेच देवळाचेही मुख्य पंच होते. धडा पुस्तकात आल्यावर त्यांनी शिक्षकांना बोलावून सांगितलं होतं, की शिकवा, सरकारचा हुकूम आहे, पण शेवटी पोरांना एवढं सांगा की आपल्या दशावतारात हे आधीच आलेलं आहे. आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग अर्धा माणूस नरसिंह. यादवला ही गोष्ट फार आवडली होती. पोरंही खूश, पालकही खूश. बापालाही त्याने ती तशीच सांगितली.

अनंता घरी चालत येताना त्याच गोष्टीचा विचार करत होता. दशावतार त्याला लहानपणापासून पाठ होते. मत्स्य आला तो मनूची नाव ओढायला आला. वराह आला तो बुडालेल्या पृथ्वीसाठी. जो आला तो कुणासाठी तरी आला. पुस्तकातला मासा कुणासाठीच आलेला नव्हता. पोराला एवढं कसं दिसत नाही, याचं त्याला नवल वाटलं. मग वाटलं, दिसत नाही तेच बरं आहे.

माघातली जत्रा होऊन गेल्यावर बायजाबाई आली. बायजाबाईचा मुलगा विठू भिवंडीत यंत्रमागाच्या लूमवर कामाला होता, त्याची बायको मैना. मैनाचं दोनदा पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला बायजाबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिने जे गावात सांगितलं ते जवळजवळ आक्काच्याच शब्दांत होतं. आता तिला कौल हवा होता. सून निर्दोष असेल तर उजवी, नसेल तर डावी. मंगळवार होता, देवळात माणसं भरलेली होती. मैना खांबाला टेकून उभी होती. अंगाने बारीक, ओठ सुकलेले. ती कुणाकडेच बघत नव्हती.

अनंताने कळ्या पाण्यात बुडवल्या. एक देवीच्या खांद्यापर्यंत नेली. मग हात खाली घेतला, कळ्या तबकात टाकल्या आणि वळून म्हणाला, की हा कौल तो लावणार नाही.

लोकांना वाटलं, काही विटाळ झाला असेल, मुहूर्त चुकला असेल. कुणीतरी उद्या लाव म्हणालं. अनंताने मान हलवली.

"ही कळी हाय, बायजाबाई. पानी सुकलं का पडती. हिला मैनाच्या पोटातलं काय ठाऊक? पोरीची काय चूक न्हाय. तवा माज्या घरात पन कोनाची नवती."

बायजाबाईचा आवाज चढला नाही. ती फक्त फार आश्चर्याने त्याच्याकडे बघत राहिली.

"तुला कोनी इचारलं, अनंता? आमी देवीला इचारलं."

 मैनाने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. भर गर्दीत एखाद्याचा हात सुटावा तशी ती भांबावून अनंताकडे बघत होती. ती नजर त्याला नंतर सतत आठवत राहिली, पण त्या वेळी तिचा अर्थ त्याच्या ध्यानात आला नाही. आपण खरं बोललो, एवढाच त्याच्या मनाला आधार होता.

पंचांची बैठक चांगदेव पाटलाच्या ओटीवर झाली. अनंताने भांडणाची तयारी ठेवली होती. भांडण झालंच नाही. चांगदेव वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला, अनंताला जवळ बसवून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की तू मान नाहीतर नको मानू, तुझ्या मनात डोकावायला कोण येतंय? चांगदेवाने स्वतः कधी इतका विचार केला नव्हता, आणि देवीनेही कधी त्याच्याकडे तसा हिशेब मागितला नव्हता. पूजा माणसाच्या मनाने चालत नाही, हाताने चालते. तू फक्त हात चालव.

"हात चालवला का लोकांना खरं वाटतं," अनंता म्हणाला.

"वाटू दे की. तुझं काय जातंय?"

 अनंता हात चालवायला तयार नव्हता, आणि तेवढं त्याने सांगितलं. चांगदेवाने मग दुसरी गोष्ट काढली. गावात बोललं जात होतं, की मास्तराच्या तक्त्याने गुरवाचं डोकं फिरलं. काही पालक शाळेतही येऊन गेले होते. यादवची नोकरी अजून कायम व्हायची होती. चांगदेवाने धमकी दिली नाही. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. तक्ता वर्गातून उतरवायचा, धडा पुस्तकातून वाचून दाखवायचा, आणि पूजा घराण्यातून बाहेर जाऊ द्यायची नसेल तर ती यादवने करायची. सकाळची पूजा करूनही त्याला शाळा गाठता येईल.

यादवने ते मान्य केलं. घरी आल्यावर तो बापावर उखडला. एवढी साधी गोष्ट होती. उजवा कौल देऊन मोकळं व्हायचं होतं. डावीकडची कळी जरा जास्त ओली लावली, बोटाने दाबली, की ती राहते. उजवीकडची कोरडी ठेवली की पडते. मैना सुटली असती, बायजाबाई घरी गेली असती, देवीलाही बोल लागला नसता.

"हे तुला कधीपासून ठाऊक?" अनंताने विचारलं.

"विज्ञान शिकवतो मी, बाबा."

 स्वतः अनंताने जन्मात कधी बोट दाबलं नव्हतं. जोवर मानत होता तोवर मानून लावलं, मानणं संपलं तेव्हा लावायचंच सोडलं. मधली वाट त्याला सुचलीसुद्धा नव्हती. ती देवळातली नजर त्याला तेव्हा कळली. मैना त्याच्याकडे आली होती ती त्याचं मत विचारायला नव्हे. सोडवू शकेल असं जगात एकच तोंड तिला माहीत होतं, आणि ते देवीचं होतं. ते तोंड त्याच्या हातात होतं, आणि त्याने ते मिटलं होतं.

म्हणून तो यादवला म्हणाला, आता तू लाव. बायजाबाई परत येईलच. जसं म्हणालास तसं लाव. यादवने मान डोलावली.

बायजाबाई आलीच. नव्या गुरवाचा पहिला कौल म्हणून गर्दी नेहमीच्या दुप्पट होती. अनंता गेला नाही. तो परसात बसून राहिला. देवळातून आधी काही ऐकू आलं नाही, मग एकदम माणसं बोलायला लागल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने यादव ओलेत्याने घरी आला. त्याने बापाकडे बघितलं नाही.

डावी पडली होती.

पहिलाच कौल, सगळे पंच तोंडासमोर उभे, असं यादव म्हणाला. बोट दाबायचं राहून गेलं. त्याने मुद्दाम काहीच केलं नाही, कळी पडायची तशी पडली.

"मंग सांगायचं, का ही नुसती कळी हाय."

"तुम्ही सांगितलंत. काय झालं?"

मैनाचा दोष शोधला गेला आणि सापडला. दोष शोधला की सापडतोच. ती विटाळात असताना देवीच्या ओटीचं सूप ओलांडून गेली होती, असं जावेला आठवलं. तिला माहेरी पाठवलं. माहेरी भाऊ-भावजय होते. त्यांनी काही महिने ठेवलं आणि मग भिवंडीत ओळखीच्या माणसाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायला लावून दिलं. विठूचं दुसरं लग्न ठरल्याची बातमी गावात आली तेव्हा अनंता गाव सोडून गेला होता.

त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. पण घरात यादव पहाटे सोवळ्याने वावरायचा, गुणाबाई मुलाच्या हातचं तीर्थ घ्यायला पायऱ्यांशी जाऊन बसायची, आणि दोघंही त्याच्यासमोर बोलणं थांबवायची. बकुळेने एकदा हळूच सांगितलं, आईंना रात्री झोप लागत नाही, तुमी बाहेर काही काम बघितलंत तर त्यांना जरा मोकळं वाटेल. त्याने भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या एका लूमच्या कारखान्यात राखणदाराचं काम धरलं. राहायला तिथलीच खोली. सतत खडखडाट, कापसाची भुकटी, उत्तरेकडच्या कारागिरांची हिंदी. तिथे त्याला सगळे चाचा म्हणत. तो कुठून आला, काय करायचा, हे कुणी विचारलं नाही.

मैना त्याच गल्लीत काम करते, हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. दिवसपाळी सुटताना ती बायांच्या घोळक्यात दिसली. केसांवर कापूस, पायांत चप्पल नव्हती. त्याने तिला हाक मारली. ती थांबली, डोक्यावर पदर घेतला. गावात घेतला असता तसाच.

तो जे सांगणार होता ते त्याने कितीतरी वेळा मनात घोळवलं होतं. त्याने गुणाबाईचं सांगितलं, पानावरच्या त्या जिवाचं सांगितलं, तक्त्याचं सांगितलं. पोटातलं मूल सगळ्यांचंच तसं दिसतं, तुझी काही चूक नव्हती, कधीच नव्हती. मैनाने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, शेपटीचं सांगितलं तेव्हा.

"गुरवकाका," ती शेवटी म्हणाली, "हे तुमी म्हनता. देवी तर तसं न्हाय म्हनली."

 ती निघाली, दोन पावलं गेली आणि परत आली. कौल दोन्ही वेळा अर्धाच लागला, असं तिचं म्हणणं होतं. पहिल्यांदा तुम्ही लावला नाही, दुसऱ्यांदा यादवभाऊंना सवय नव्हती. हात खरा तो तुमचा. तुमी एकदा परत लावा. उजवी पडली तर, दुसरी आली असली तरी, मी भावाला घेऊन बायजाबाईच्या दारात जाईन.

अनंताने यावर एक संबंध आठवडा काढला. देव नाही हे त्याला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच हेही ठाऊक झालं होतं, की त्या पोरीला त्याच्याकडून खरं नको होतं, उजवी कळी हवी होती. खरं बोलून त्याने दोन बायांचं काय केलं ते त्याने पाहिलं होतं. बोट कसं दाबायचं हे यादवने सांगितलंच होतं. त्याने जन्मात पहिल्यांदा खोटं बोलायचं ठरवलं, आणि मैनाला निरोप धाडला की येतो.

एका मंगळवारी दोघं एस.टी.ने गावात आली. मैना सकाळपासून उपाशी होती. अनंताने विहिरीवर अंघोळ केली आणि तो ओल्या पंच्याने देवळापाशी आला. तगरीच्या कळ्या त्याने वाटेतच खुडून पंच्याच्या टोकात बांधल्या होत्या. मैना पायऱ्यांच्या खाली उभी राहिली. पायरीच्या कडेला गुणाबाई बसलेली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, मैनाकडे बघितलं, आणि थोडी सरकून मैनाला जागा दिली.

गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी यादव उभा होता. बाप का आला, हे त्याला लगेच कळलं. तो बाहेर आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला, की पंचांनी ठरवलंय, बाबा. देवीच्या कौलाला नुसती कळी म्हणालेल्या माणसाचा हात मूर्तीला लागू द्यायचा नाही. मला तुम्हाला आत घेता येणार नाही.

"तुला ठाऊक हाय मी कशाला आलोय," अनंता म्हणाला. "मला उजवी पाडायची हाय."

"ठाऊक आहे."

"मंग?"

यादवने मागे बघितलं. देवळात चांगदेवाचा भाऊ बसला होता, आणखी दोघं-तिघं होते. यादवची मान खाली गेली. नोकरी अजून कायम झाली नव्हती. बकुळेला दिवस गेले होते, आणि गुणाबाईने तिच्यासाठी देवीला नवस बोलला होता. यातलं त्याने काही सांगितलं नाही. तो फक्त उंबऱ्यात उभा राहिला, दोन्ही चौकटींना हात लावून. तुम्ही लावलात तरी आता कुणी मानणार नाही, एवढंच तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

अनंता पायऱ्या उतरला. मैनाला सांगण्यासारखं त्याने उतरता उतरता काहीतरी जुळवलं होतं. देवीने मला आत कौल दिला, उजवा दिला, असं सांगायचं. पण मैनाने सगळं पाहिलं होतं. उंबऱ्याच्या अलीकडूनच तो माघारी फिरला होता, आणि कळ्या अजून त्याच्या पंच्याच्या टोकात तशाच बांधलेल्या होत्या.

 गुणाबाईने मैनाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला सांगायला सुरुवात केली, की मंगळवार कसा धरायचा, काय खायचं नाही, पायरीला डोकं कसं टेकायचं, कितव्या पायरीवर थांबायचं. मैना मन लावून ऐकत होती. अनंता थोडा बाजूला उभा राहिला. दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे बघितलं नाही.

दुपारची एस.टी. चुकली, तेव्हा तो बांधावरून एकटाच चालत निघाला.